दौलूनाना आणि वाईचा घाट

तीन प्रश्नांत नातं निघालं नाही, असा माणूस दौलूनानांना उभ्या जन्मात भेटला नव्हता. पहिला प्रश्न, "पावनं कुठलं?" दुसरा, "आईचं म्हायार?" आणि तिसरा, "भनी कुठं दिल्यात?" तिसऱ्याचं उत्तर पुरं व्हायच्या आत नाना मांडीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "म्हंजी आपलंच की वो!"

लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा मी आष्ट्याजवळच्या त्या गावात मास्तर म्हणून आलो. बैलगाडीतून ट्रंक उतरवतोय तोच एक उंच, किडकिडीत, पन्नाशीच्या आसपासचा माणूस पुढं आला आणि त्यानं प्रश्न सुरू केले. माझं गाव खंडाळ्याजवळचं, आजोळ भोरकडचं आणि बहीण मला नाहीच. म्हणजे तिसरा प्रश्न बाद. नाना क्षणभर आभाळाकडं बघत राहिले.

"खंडाळ्याच्या बाजारातनं आमच्या पाटलानं खोंड आनलाय. पांढरा, डावं शिंग वाकडं. इकणारा निवरत्ती म्हणून हाय. वळखता?"

निवृत्तीकाका आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. मी मान हलवली मात्र, नानांची थाप मांडीवर पडली. "म्हंजी आपलंच की वो!" आणि माझी ट्रंक त्यांच्या खांद्यावर गेली. पुढं चार-सहा महिने गावात माझी ओळख 'पाटलाच्या खोंडाचा पावना' अशीच होती.

नाना देवळामागच्या खोलीत एकटे राहायचे आणि दोरखंड वळायचे. हात वळत असायचे आणि तोंड नाती काढत असायचं. एकदा देवी टोचणारा डॉक्टर गावात आला, तर बाया पोरं काखोटीला मारून उसात पळाल्या. नानांनी डॉक्टरला पारावर बसवलं, प्रश्न विचारले आणि मग उसाच्या कडेला जाऊन ओरडले, "भाईर या गं! आपल्या शेवंताच्या नंदंचा दीर हाय त्यो! घरच्या माणसाला भेतासा व्हय?" बाया लाजत लाजत बाहेर आल्या. डॉक्टर मला हळूच म्हणाला, "मास्तर, मला भाऊच नाही हो, मी कुणाचा दीर?" मी म्हणालो, "आता आहात. गप टोचा."

पंचक्रोशीतल्या निम्म्या सोयरिकी नानांनी जुळवलेल्या. कुणाचा पणजा कुठून आला, कुणाची भावकी कुठं फुटली, सगळं तोंडपाठ. नानांचं स्वतःचं लग्न मात्र झालं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गावाची लग्नं जुळवायची म्हंजी आपल्याला येळ कुठला, मास्तर?" मला ते पटलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, मला पुष्कळ गोष्टी पटत.

त्या गावात माझी दोन वर्षं झाली आणि कन्यागत आलं. बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत येतो, तेव्हा गंगामाई कृष्णेला भेटायला येते असं आमच्याकडं मानतात. ते वर्षभर कृष्णाकाठच्या क्षेत्रांना माणूस लोटतो. आदल्याच वर्षी माझे वडील गेले होते. आईचं पत्र आलं, "वाईला जाऊन त्यांना पाणी दे." पत्र मी नानांना वाचून दाखवलं आणि संध्याकाळपर्यंत वाईची सात माणसं तयार झाली.

त्यात चंद्राक्का होती. साठी ओलांडलेली, नवरा नसलेली, मुलगा पलटणीत. तिच्या जिभेला गावचा पाटीलसुद्धा वचकून असायचा. नाना आणि ती यांचं रोजचं भांडण ठरलेलं. "दौल्याच्या नात्यावर जाशील तर म्हस बी माझी मावशी लागंल," असं ती म्हणायची.

निघालो तेव्हा माघाची थंडी होती, पण अंगात अशी काही तरतरी होती की कांबळी पांघरायची कुणाला शुद्ध नव्हती. नावेतून कृष्णा ओलांडून भिलवडी स्टेशन गाठलं. आमच्यातल्या तिघांनी आगगाडी पहिल्यांदाच पाहिली. गाडी धापा टाकत आली तशी एक म्हातारी तिला हात जोडून उभी राहिली, आणि तिला उचलून आत घालावं लागलं.

डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या बाकावर खाकी कपड्यातला एक शिपाई बसला होता, काळाभोर, मद्रासकडचा. त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. चंद्राक्काचे डोळे चमकले.

"दौल्या, काढ आता नातं! बगू तुजी अक्कल!"

सगळा डबा नानांकडं बघायला लागला. नानांनी पटका नीट केला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "घर में कौन?"

शिपाई हसून म्हणाला, "अम्मा."

"बास!" नाना उठून उभे राहिले आणि त्यांचं डोकं वरच्या फळीला आपटलं. "आपल्या हौसाला जतला दिलीया. कानडी मुलूख. हौसा सासूला काय म्हणती? अम्मा! म्हंजी आपलंच की वो!"

डबा हसून हसून कोसळायची वेळ आली. चंद्राक्कानं तोंड वाकडं केलं, पण गाठोडं सोडलं आणि भाकरीवर ठेचा ठेवून शिपायापुढं धरला. "खा बाबा. माजं पोरगं बी असंच कुणाम्होरं तरी बसलं आसंल." शिपायानं पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते ठेच्यानं की अम्माच्या आठवणीनं, यावर कराडपर्यंत डब्यात दोन तट होते.

वाठारला उतरून वाईची मोटार धरायची होती. पेट्रोल मिळत नसे म्हणून त्या दिवसांत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागं भलं मोठं पिंप, त्यात कोळसा पेटवलेला. आणि मोटारीभोवती ही गर्दी! उस्मान नावाचा ड्रायव्हर हात हलवून सगळ्यांना हाकलत होता. "जागा नाही! दुसरी उद्या!" नाना त्या गर्दीत घुसले. पाच मिनिटांनी उस्मानचाच आवाज आला, "आष्ट्याची माणसं कुठायत? चला, चला, माझ्या मामाच्या गावची माणसं हायती, सरका जरा!" आम्ही सातही जण आत. मात्र चढ आला की मोटार थांबायची, आणि मामाच्या गावच्या माणसांनी खाली उतरून ती ढकलायची. नाना ढकलतानासुद्धा शेजारच्याला विचारत होते, "पावनं कुठलं?"

आणि मग वाई! उतारावरून देवळांची शिखरं दिसली आणि मोटारीतल्या साठ माणसांनी "कृष्णामाई की जय" म्हणून अशी आरोळी ठोकली की उस्माननं दचकून भोंगा वाजवला. घाटावर लुगड्यांचा आणि पटक्यांचा नुसता रंग सांडला होता. घंटा, शंख, फुलवाल्यांच्या हाका, ओल्या दगडांवर घसरणारी आणि हसणारी माणसं. पाणी बर्फासारखं. मी बुडी मारून वर आलो तेव्हा मला कारण नसताना गाणं म्हणावंसं वाटत होतं.

अंग पुसून माणसं मोजली, तर सहा. चंद्राक्का नव्हती.

आधी वाटलं, लुगडं बदलत असेल. मग हाका मारल्या. मग नदीकडं नजर गेली. मी नानांकडं पाहिलं. ते पाण्याकडं टक लावून उभे होते, चेहरा राखेसारखा. दुसऱ्या क्षणी ते धावत सुटले. कुणाला गाव विचारलं नाही, कुणाचं माहेर विचारलं नाही. "निळं लुगडं, म्हातारी बाई, कपाळावर गोंदान," एवढंच ओरडत होते. उस्मान मोटारीच्या टपावर चढून हाका मारू लागला. एका नावाड्यानं नाव सोडली आणि बांबूनं पायऱ्यांखालचं पाणी ढवळायला लागला. ते बघवेना म्हणून मी तोंड फिरवलं.

तासाभरानं चंद्राक्का सापडली. ढोल्या गणपतीच्या मंडपात औंधच्या एका कुटुंबात मांडी ठोकून ती पोहे खात होती. "अगं बया, आलासा? ह्या बाई माज्या मावसजावंच्या भाचीच्या गावच्या. मी म्हनलं, दौल्यालाच येतं व्हय नातं काढाया?"

आम्ही हसलो. नाना हसले नाहीत. पायरीवर मटकन बसून म्हणाले, "सांगून जायाचं हुतं, आक्का. सांगून जायाचं हुतं."

चंद्राक्कानं हातातले पोहे खाली ठेवले. "दौल्या, रडतुयास व्हय रं?" तिनं विचारलं आणि ते पोहे त्यांच्यापुढं सरकवले.

मग पाणी द्यायला आम्ही घाटावर आलो. भटजी पंचांग मांडीवर घेऊन बसले होते, मागं माणसांची रांग. मी वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव सांगितलं आणि तीळ घातलेलं पाणी ओंजळीतून सोडलं. चंद्राक्कानंही नवऱ्याच्या नावानं सोडलं. मन भरून आलं होतं, हलकंही झालं होतं. वळून बघतो तर नाना दूर उभे.

"नाना, तुम्ही बसा ना!"

"नगं मास्तर, मी आपला च्या बगतो कुठं मिळतो का."

"चहा नंतर. बारा वर्षांनी येतं हे." मी त्यांचा हात धरून अक्षरशः ओढून पाटावर बसवलं. बाकीच्या चौघांनी माना खाली घातल्या, ते मला दिसलं, पण कळलं नाही.

"वडिलांचं नाव?" भटजींनी विचारलं.

नाना पटका नीट करू लागले.

"यांना विचारा भटजी!" मी हसत म्हणालो. "अख्ख्या तालुक्याच्या सात पिढ्या यांना पाठ आहेत!"

"वडिलांचं नाव?" भटजींनी पुन्हा विचारलं. नाना ओंजळीकडं बघत होते.

गावाला परतल्यावर मला सगळं समजलं. प्लेगाच्या साली गाव सोडून लोक माळावर झोपड्या घालून राहिले होते. साथ सरल्यावर माणसं घरी परतली, तेव्हा मोडलेल्या झोपड्यांपाशी एक दोन वर्षांचं पोर मिळालं. कुणाचं, कुठून आलेलं, कोण त्याला टाकून गेलं की कोण त्याच्याजवळच गेलं, काही कळलं नाही. गुरवाच्या बायकोनं त्याला वाढवलं. वयात आल्यावर दोन-तीन ठिकाणी स्थळं पाहिली, पण प्रत्येक घरी पहिलाच प्रश्न यायचा, कुणाचा मुलगा? गावानं ही गोष्ट कधी तोंडावर आणली नाही. आणि मी त्यांना हाताला धरून त्या पाटावर नेऊन बसवलं होतं.

"नाव माहीत नसेल तर नुसतं 'पिता' म्हणा, चालतं," भटजी समजुतीनं म्हणाले.

तेवढ्यात चंद्राक्का माणसं बाजूला सारत पुढं आली आणि नानांशेजारी ओल्या दगडावर बसली.

"लावा की नाव. ज्ञानू. ज्ञानू मालोजी. माजा बा. ह्यो माजा धाकटा भाऊ हाय."

भटजींनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "सख्खा?"

"मग काय वाटंवर गावलाय व्हय?" चंद्राक्का सवयीनं कडाडली आणि तिनं लगेच जीभ चावली.

नाना आधी थोडंसं, मग पोट धरून हसायला लागले. "व्हय की गं आक्का, वाटंवरच गावलोय की!" चंद्राक्काही हसली, पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्या पाठीत धपाटा घातला. "गप. घे पानी हातात."

नानांनी ओंजळ भरली. भटजींच्या मागोमाग एकेक अक्षर जपून उच्चारलं. ज्ञानू मालोजी. पाणी सोडलं. दुसऱ्यांदा भरली, सोडली. तिसऱ्यांदा सोडली.

"झालं," भटजी म्हणाले. "तीनच असतात. उठा आता."

नानांनी चौथी ओंजळ भरली होती. "थांबा वो जरा," ते वर न बघता म्हणाले. "लय वर्सांचं ऱ्हायलंय."

मागं रांग वाढत होती, कुणीतरी घाई करत होतं. भटजींनी हातानं त्यांना थांबवलं, पंचांग मिटून बाजूला ठेवलं आणि नानांच्या ओंजळीत आणखी चिमूटभर तीळ टाकले.