‘चर्चा करावी’ शिकलेलं मशीन

चोवीस वर्षं सरकारी पेन्शन कार्यालयाच्या कॉम्प्युटर विभागात काढलेला हा प्रभाकर एका मशीनला घाबरेल? छे, नावच नको! आम्हा जुन्या प्रोग्रामरांना एआयच्या कामासाठी तयार करायला सरकारनं तीन महिन्यांचा वर्ग काढला. पास होईल त्याला नवं पद, नापास होईल तो तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये. मी तर सुलतान बाजारात नव्या पदाची पाटीसुद्धा करायला टाकली!

परीक्षा सोपी होती. आपल्या टेबलावरच्या जुन्या फाइली मशीनला शिकवायच्या, मग नव्या अर्जावर त्यानं निर्णय सुचवायचा. मी नोंद-दुरुस्तीच्या चार हजार फाइली माझ्या शेऱ्यांसकट त्याला भरवल्या.

परीक्षेला आमच्या शिक्षिका योगिनी मॅडमनी बाहेर बाकावर बसलेल्या एका आजींचा खराखुरा अर्ज आणला. मलकपेठच्या सावित्रीबाई. यजमान हिम्मतराव दोन वर्षांपूर्वी गेले, पण आमच्या नोंदीत ठणठणीत जिवंत! त्यामुळे बाईंची पेन्शन सुरूच होईना.

मी बटण दाबलं. पडद्यावर उमटलं, ‘चर्चा करावी.’

"मृत्यूचा दाखला जोडा," मॅडम म्हणाल्या. जोडला. ‘चर्चा करावी.’

स्मशानाची पावती जोडली. ‘चर्चा करावी!’

"मशीन बिघडलंय!" मी ओरडलो.

"परेशान नका होऊ काका. ते तुमच्याकडूनच शिकलंय. हे बघा."

चार हजारांपैकी तीन हजार नऊशे फाइलींवर माझाच शेरा होता, ‘चर्चा करावी’. आमच्याकडे एवढं लिहिलं की फाइल दुसऱ्या टेबलावर जाते आणि आपण मोकळे. चर्चा? ती चोवीस वर्षांत एकदाही झाली नव्हती! त्या ढिगात सावित्रीबाईंचा अर्ज तीनदा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी दाखला उचलला आणि नोंद स्वतः दुरुस्त केली. अकरा मिनिटं लागली. मग बाहेर जाऊन बाकावर बसलो.

"मावशी, काम झालं तुमचं. पुढच्या महिन्यापासून पेन्शन येईल."

त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, "आज तुमच्या मशीनचं इम्तिहान होतं म्हणे. पास झालं का?"

"मशीन झालं. नापास मी झालो."

"हौ? मग पुन्हा बसा की बेटा," त्या अगदी सहज म्हणाल्या. "मी नाही का तीनदा परत आले!"