सत्काराला लाल झेंडी

दिवाळीच्या पहाटे गाण्याला जाताना माणसाने सोबत काय न्यावं? शाल न्यावी, फार तर खोकल्याची गोळी न्यावी. आमचे शेजारी पटलेकाका शिटी नेतात. रेल्वेच्या गार्डची, अस्सल, शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्यालाही खडबडून उठवणारी. आणि नुसती नेत नाहीत, वाजवतात. प्रमुख पाहुणे बोलत असताना.

मला या माणसाचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मान खाली घालून बसण्यात माझ्या कित्येक दिवाळ्या गेल्या. मी नोकरी करतो त्या बँकेत लोक मला "ते शिटीवाल्याच्या बाजूचे" म्हणून ओळखतात. आणि त्याहून जास्त राग याचा येतो की दर वेळी त्यांचंच बरोबर असतं.

काका जन्मभर गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या पॅसेंजरवर गार्ड होते. हल्ली म्हणे गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. "मॅनेजर दुकानात रायते जी," काका भडकतात, "गाडीवर गार्ड रायते!" नोकरी संपली, पण शिटी राहिली आणि लाल-हिरव्या झेंड्यांची गुंडाळीही राहिली. कार्यक्रमाला निघताना ती बगलेत असतेच. लाल झेंडी मी किती वेळा फडकलेली पाहिली, याची गणती नाही. हिरवी कधीच पाहिली नव्हती. "हिरवी दाखवाले लाइन क्लिअर लागते," ते म्हणतात. "इथं कुठं हाय क्लिअर?"

आता लाइन कोण अडवतं, तेही सांगतो. आमचं गोंदिया म्हणजे राइस मिलचं आणि कॉलेजांचं गाव. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की पोरं आपापल्या गावी जातात, कॉलेजचं सभागृह रिकामं होतं आणि तिथे पहाटेची मैफल ठेवतात. नागपूरहून गायक येतो. बिचारा अंधारात उठून, आंघोळ करून, तानपुरे लावून पडद्यामागे बसतो. आणि पडद्यापुढे सत्कार सुरू होतात. ज्याने मांडव दिला त्याचा सत्कार. ज्याने माइक दिला त्याचा सत्कार. जो येऊ शकला नाही त्याच्या भाच्याचा सत्कार. शेवटी सत्कार करून करून जे दमले, त्यांचाही एक सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो. मग फोटो नीट आला नाही म्हणून तीच शाल काढून पुन्हा तीच शाल. या सगळ्यातून वाट काढत भैरव सुरू होतो तोवर ऊन खिडकीतून आत आलेलं असतं, मागे तर्री-पोह्याचा वास सुटलेला असतो, आणि "अर्धं गाणं ऐकलं ना, चला" म्हणत रांगाच्या रांगा पोह्याकडे सरकतात. ही रसिकता!

"पहाटेचा राग हाय तो," काका अशा वेळी खुर्चीतच उभे राहतात. "सूर्य काय अध्यक्ष हाय का जी, थांबाले?"

पहिली शिटी वाजली तेव्हा मी तिथेच होतो. प्राध्यापक डोंगरवार निवेदन करत होते. हे सद्गृहस्थ दोन सत्कारांच्या मध्ये एक शेर म्हणतात आणि दोन शेरांच्या मध्ये एक सत्कार घडवून आणतात. त्यांनी नुकतंच "आता मी विनंती करतो की" एवढंच म्हटलं होतं. शिटी अशी कडाडली की हातातला हार पाहुण्यांऐवजी समईवर पडला. समितीचे अध्यक्ष म्हणजे मिलवाले शेठजी. ते ओरडले, "अरे भाई, कौन है ये?"

"गार्ड," काका म्हणाले. लाल झेंडी उघडून ते मधल्या वाटेत उभे होते. "सिग्नल तुमीच धरून बसले. गानं लूप लाइनवर हुभं हाय."

लूप लाइन म्हणजे मोठी गाडी पुढे काढायची म्हणून पॅसेंजरला जिथे बाजूला उभी करतात ती लाइन. काकांचं अर्धं आयुष्य त्या लाइनवर गेलं. त्यांच्या लेखी कलावंत म्हणजे पॅसेंजर, पाहुणे म्हणजे मागून आलेली एक्स्प्रेस, आणि प्रेक्षक म्हणजे फलाटावर ताटकळलेली बिनतक्रार जनता.

नाटकंही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि मंडईला नाटक असतं. सौंदडच्या मंडईत ते मला ओढून घेऊन गेले. नायक रंगमंचावर मरत होता, बाया डोळे पुसत होत्या, आणि नेमका तेव्हाच माइकवर एक जण बक्षीस देणाऱ्या दात्यांची नावं वाचायला लागला. नायक एक डोळा उघडा ठेवून ऐकत होता. काकांनी शिटी वाजवली. पोलीस आले समजून मेलेला नायक उठून पडद्यामागे पळाला. आम्हाला त्या रात्री जेवायला बोलावणारा काकांचा तिथला साडू त्यानंतर आमच्याशी बोलत नाही.

एवढा संताप एका माणसात येतो कुठून, हे मला पटलेकाकूंनी सांगितलं. काकू या कार्यक्रमांना कधीच येत नसत. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. सकाळी लवकर त्या भिंतीपलीकडून बारीक गुणगुणणं ऐकू येतं. काकू सैपाकघरात एकट्या असतात. फाटक वाजलं की आवाज बंद. एकदा मी न राहवून विचारलं, "काकू, तुम्ही शिकलाय ना गाणं?"

"शिकली होती जी, भाऊजी," त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "कॉलेजच्या त्याच सभागृहात माझं नाव होतं. मोठ्या गवयाच्या आधी थोडा टाइम आपल्या गावच्या मानसाले देत. भैरव बसवला होता. नवं लुगडं नेसून तानपुरा लावून बसली आत. बाहेर सत्कार चालू. मंग एक जन आला अन् बोलला, बाई, वेळेअभावी तुमचं राहू द्या."

"मग?"

"मंग का? घरी आली. पुन्हा कोनी विचारलं नाई, मीबी विचारलं नाई." त्या हसल्या. "हे त्या दिवशी ड्यूटीवरून सिद्धे तिथं आले होते. ड्रेसवरच. मागं बसले होते. शिटी खिशातच होती म्हनत. वाजवली काऊन नाई, हेच घेऊन बसले आतापर्यंत. मी बोलते, सोडा ना आता. सोडतच नाई हा मानूस."

त्या दिवसापासून मी मान खाली घालणं बंद केलं. राग मात्र चालूच ठेवला, फक्त त्याची दिशा बदलली. जिने गाणं बसवलं, तिला वेळ नाही. ज्याने खुर्च्या भाड्याने दिल्या, त्याला मानपत्र. कुठला न्याय आहे हा?

आणि मग गेल्या दिवाळीच्या आधी समितीने एक डाव टाकला. शिटी बंद होत नाही ना, मग शिटीवाल्याचाच सत्कार करा! शेठजी आणि डोंगरवार मिठाईचा डबा घेऊन काकांच्या अंगणात आले. "पटलेजी, आप तो हमारे सबसे पुराने रसिक हैं," शेठजी म्हणाले. "इस साल पहला सम्मान आपका." मी कुंपणाशी उभा राहून वाट पाहत होतो की आता डबा रस्त्यावर जाणार, पाठोपाठ शेठजी जाणार.

काकांनी डबा घेऊन ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "सपत्नीक करता का?"

"सपत्नीक ही होता है जी!"

"मंग चालते."

चालते? ज्या माणसापायी मी गावभर बदनाम झालो, तो माणूस एका शालीत विकला गेला? मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो ते भांडायलाच. "काका, लाज वाटत नाही?" असं तोंडावर विचारलं. ते झेंड्यांना इस्त्री करत होते. "तुमी या ना जी," एवढंच म्हणाले.

गेलो. काकूही आल्या होत्या, नाइलाजाने, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून. दीपप्रज्वलन झालं. पहिलाच सत्कार काकांचा. दोघं स्टेजवर गेले. मागे अर्ध्या उघड्या पडद्यात नागपूरची तरुण गायिका तानपुरे लावून बसली होती. डोंगरवारांनी शेर म्हटला आणि मानपत्राची गुंडाळी सोडली. ती गुडघ्यापर्यंत लोंबली.

"थांबा जी," काकांनी माइक हातात घेतला. "माझ्या सत्काराले टाइम किती धरला? भाषन, मानपत्र, फोटो, सारं मिळून?"

"अं... वीसेक मिनिटं," डोंगरवार म्हणाले.

"ते सारं राहू द्या. शाल नको, नारळ नको. माझा टाइम हिले द्या. ही गाते."

काकूंचा चेहरा पांढरा पडला. "अवो, का बोलून राहिले तुमी!" माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. त्या स्टेजवरून उतरायलाच निघाल्या होत्या, पण मागची ती तरुण गायिका उठली, तिने काकूंचा हात धरून त्यांना आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः तानपुरा घेऊन मागे बसली. देव तिचं भलं करो. समितीतल्या एकालाही हे सुचलं नसतं.

काकूंनी भैरव सुरू केला. खोटं कशाला सांगू, आवाज थकला होता. पहिला सूर हलला, वरचा सा पुरता लागलाच नाही. मागे दोघं-तिघं हसले आणि मी मागे वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झाले. मग हळूहळू आवाज लागला. भिंतीपलीकडून तुकड्या-तुकड्याने ऐकलेलं ते गाणं पहिल्यांदाच मला सलग ऐकू येत होतं. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. बाहेर नुकतं उजाडत होतं. भैरव त्याच्या वेळेवर चालला होता, आमच्या गावात बहुतेक पहिल्यांदाच.

ठरलेला वेळ संपला. काकू गातच होत्या. शेठजींनी घड्याळावर बोट आपटून इशारा केला आणि डोंगरवार माइककडे निघाले. काकांचा हात शिटीच्या खिशाकडे गेला. या माणसाने आयुष्यात आपल्या हातून एकदाही गाडी लेट सुटू दिली नव्हती. बायकोचीही देणार नाही, असंच मला वाटलं.

खिशापर्यंत गेलेला हात तसाच मागे आला. त्यांनी बगलेतली गुंडाळी काढली, डोंगरवारांच्या वाटेत उभे राहिले आणि हिरवी झेंडी उघडली. हात वर करून ते ती धरून उभे राहिले, काकूंकडे तोंड करून. डोंगरवार जागच्या जागी थांबले. शेठजी हळूच खाली बसले. काकूंचे डोळे मिटलेले होते, त्यांना यातलं काही दिसलं नाही. गाणं पुरं होईपर्यंत काकांचा हात खाली आला नाही.

नंतर पोह्यांच्या रांगेपाशी ते झेंडी गुंडाळत होते. त्यांना जमत नव्हतं, गुंडाळी पुन्हा पुन्हा सुटत होती.

"काका, टाइम होऊन गेला होता," मी म्हणालो.

"मालूम हाय जी," ते म्हणाले.

मी झेंडी त्यांच्या हातून घेतली आणि गुंडाळून दिली.