भोंग्यावरची बंदी

ऐक रे सदू, मधे बोलू नको, नुसता ऐक!

आपला आनंदा आहे ना, मंडळाचा चिटणीस? दाभोळात मंडळाच्या भोंग्यावर कुणीही बोलावं. शेळी हरवली, पाहुणा आला, काहीही! पण आनंदाला स्वप्नं पडायची, आपला आवाज रेडिओवाल्यासारखा खाडीवरून तरंगत चाललाय, माडसुद्धा कान देऊन ऐकतायत! म्हणाला, "यापुढं भोंग्यावर माझ्या तोंडून शिवी आली तर मिशी उतरवीन! आणि कुणीही असो, दोनदा ताकीद, तिसऱ्या शिवीला वर्षभर बंदी!"

पहिली सापडली आवडाबाई. धुकं असलं की ती म्हातारी भोंग्यावरून होड्यांना हाक घालायची. तिच्या आवाजाच्या रोखानं होड्या वाळूचा दांडा चुकवून आत यायच्या.

"मेल्यानू, मुडद्यानू, या रे भाड्यानू!"

एका दमात तीन! ताकीद द्यायला तिनं श्वास तरी घ्यावा! झाली बंदी.

दुसऱ्या सकाळी धुकं असं, जसं खाडीवर कुणी कापूस पिंजून ठेवलाय. पाणी दिसेना, आभाळ दिसेना. वल्ह्यांचा आवाज तेवढा झोपेतल्यासारखा चुबुक चुबुक. त्या होड्यांत आनंदाचा बापूसही, गुणाजी. आणि ओहोटी लागलेली! उशीर झाला तर होड्या दांड्यावर आपटणार.

आनंदानं गळा साफ केला. "खलाशी बंधूंनो! नम्र विनंती आहे, कृपया किनाऱ्यावर यावे!"

वल्ही थांबली. धुक्यातून गुणाजी ओरडला, "कस्टमवाले आलेत रे! इतका गोड आपला कुणी बोलत नाय! मागं घ्या!"

आणि चुबुक चुबुक लांब जायला लागलं!

आनंदा धावत आवडाबाईकडं. "आवडाकाकी, चल गो! हाक घाल!"

म्हातारी मिश्री लावत बसलेली. "माझ्यावर बंदी हाय, बाबा. वर्षभर."

"उठवली बंदी!"

"असा कसा? नियम तो नियम!"

आनंदा परत पळाला. भोंगा धरला, डोळे मिटले. "अरे गुणाजी! मेल्या! मुडद्या! खय चाल्लास भाड्या, वळव होडी!"

मग धुक्यात कुणीतरी हसलं, आणि एकेक होडी ढगातून उतरल्यासारखी अलगद आत आली. सगळ्यात पुढं गुणाजी, हातात वल्हं!

"बापसाला मुडदा म्हणतोस?"

मागून आवडाबाई आली, बोटं मोजत. "एक, दोन, तीन. बंदी! आणि न्हाव्याला मी निरोप धाडलाय."

तेव्हापासून आनंदा तोंडावर रुमाल धरून फिरतोय. नियम त्याचा, बापूस त्याचा, मिशीपण त्याचीच! तू असतास तर काय केलं असतंस रे?