वाईटाचा नमुना

नापासराव हे नाव त्यांना बायकोने ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं. बटणांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. समोर बटणांचा ढीग, डोळ्याला भिंग, हातात लाल पेन्सिल. चारपैकी एखादं भोक केसभर सरकलेलं दिसलं की पिशवीवर लाल फुली आणि माल नापास. वर्षानुवर्षं हे काम केलं की माणसाला जगात धड असं काही दिसतच नाही. (आमचं लग्न ठरलं तेव्हा भिंग दुरुस्तीला दिलेलं होतं, म्हणून जमलं, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.)

एका सोमवारी सकाळी चहा पिताना बायको म्हणाली, "अहो, बाबा रविवारी येतायत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने अंधुक दिसतं."

"येऊ देत की. चांगले महिनाभर राहू देत."

"राहतील हो, पण त्यांना हात धरून नेलेलं चालत नाही. चाचपडतील, पण एकटेच जातील. आणि खोलीतून बाथरूमला जायच्या वाटेवर हे टेबल. मागच्या वेळी चांगलं दिसत होतं तरी याची कड कमरेत बसली आणि आठवडाभर लंगडत होते."

"मग टेबल सरकवू."

"कुठे? छतावर?" घर लहान होतं, टेबल मोठं होतं, आणि ते खुद्द बाबांनीच लग्नात दिलेलं होतं. "तुम्ही फक्त त्याच्या कडा गोल करून द्या. नाहीतर मी जुनी चादर गुंडाळून टाकते."

"चादर!" नापासरावांनी कप खाली ठेवला. "उपाय करायचा तर नीट करायचा."

"करा बाई नीट. पण रविवारच्या आत करा." बायकोचा आवाज एकदम उतरला. "बाबा ताठ आहेत. या घरात त्यांना पुन्हा लागलं ना, तर आपण अडचण झालो असं समजून परत कधी राहायला येणार नाहीत. मी ओळखते त्यांना."

नापासराव लगेच उठले. सासरे त्यांना मनापासून आवडत. (सासऱ्यांनी त्यांना आजवर एकदाही नापास केलं नव्हतं, हेही एक कारण.)

साधनाची चिंता नव्हती. कारखान्याने लाकडी बटणांचा विभाग बंद केला तेव्हा बोनसऐवजी जुनी यंत्रं वाटून टाकली होती आणि नापासरावांच्या वाट्याला राउटर आला होता. राउटर म्हणजे दोन मुठींचं, पिसाळल्यासारखं फिरणारं मशीन. त्याच्या पोटात बिट बसवायचा, म्हणजे धारेची पाती असलेली बोटभर लोखंडी दांडी. तो बिट लाकडाच्या कडेवरून फिरवला की कड गोल. मशीन माळ्यावर होतं. बिट तेवढा आणायचा होता.

संध्याकाळी ते हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने एक बिट काउंटरवर ठेवला.

"चांगला आहे?" नापासरावांनी विचारलं.

"चांगला आहे."

"कशावरून?"

दुकानदाराने आयुष्यात बरेच प्रश्न ऐकले होते, पण हा नव्हता. "कशावरून म्हणजे... लोक नेतात."

"लोक काय वाटेल ते नेतात." नापासरावांनी खिशातून भिंग काढलं. दांडीला पातं जिथे डाकवलं होतं तिथे फट आहे का ते पाहिलं. धार नखावर ओढून नखाचा कीस निघतो का ते पाहिलं. मग दांडी सरळ आहे की वाकडी हे बघायला बिट काउंटरच्या काचेवरून घरंगळत सोडला, तो थेट खिळ्यांच्या पेटीत गेला. दुकानदार पेटीत हात घालून शोधू लागला.

"सांभाळून, धार जाईल!" नापासराव ओरडले.

"माझं बोट जातंय, त्याचं काय?"

दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत नापासरावांच्या उजव्या हाताची नखं संपली होती, डाव्याची संपत आली होती, आणि दुकानदाराने कंटाळून स्वतःचा अंगठा पुढे केला होता. अखेर दोन बिट उरले. एक निळा, एक काळा. दोन्ही महाग, दोन्ही तेजदार. भिंगाखालीही निकाल लागेना.

"दोन्ही द्या. घरी चाचणी घेतो. आणि तुमच्याकडचा सगळ्यात भिकार बिट कोणता?"

"भिकार कशाला?"

"वाईटाचा नमुना लागतो," नापासराव समजुतीच्या सुरात म्हणाले. त्यांच्या कारखान्याची ही पद्धतच होती. प्रत्येक मालाबरोबर एक वाईट नग पारदर्शक पिशवीत घालून, वर लाल फुली मारून समोर ठेवायचा आणि त्याला कोणी वापरायचं नाही. वाईट काय ते डोळ्यांसमोर असलं की चांगलं काय ते कळतं. दुकानदाराने टोपलीतला एक पिवळा रंग फासलेला बिट काढून फुकटच दिला. (गिऱ्हाईक जावं म्हणून त्याने दुकानही दिलं असतं.)

घरी आल्यावर पिवळा बिट पिशवीत गेला, पिशवीवर लाल फुली पडली आणि ती शोकेसमध्ये बायकोच्या भाच्याच्या फोटोशेजारी विराजमान झाली.

मंगळवारी चाचणी सुरू झाली. थेट टेबलावर प्रयोग करणं नापासरावांच्या तत्त्वात बसत नव्हतं. लाकूड हवं होतं. ते स्वयंपाकघरात सापडलं: भाजी चिरायचा जाडजूड पाट, ऐसपैस, परातीएवढा. त्याच्या एका कडेवर निळा फिरवला, समोरच्या कडेवर काळा. भिंगाने पाहिलं. निळा सरस वाटला. पण निळ्याला लाकडाच्या रेषा सोयीच्या पडल्या असतील, ही शंका आली. न्याय सारखा हवा. म्हणून गोल झालेल्या कडा करवतीने कापून टाकल्या आणि नव्या कोऱ्या कडांवर दोघांची जागा बदलून पुन्हा परीक्षा घेतली. आता काळा सरस ठरला. एकाला एक बरोबरी. पुन्हा कडा कापल्या.

बुधवारी पाट ताटाएवढा झाला. गुरुवारी बशीएवढा.

"अहो, भाजी कशावर चिरू?" बायकोने विचारलं. तिच्या केसांत, भुवयांत आणि चहाच्या कपात लाकडाचा भुसा होता.

"दोन दिवस कळ काढ. निकाल अगदी तोंडावर आलाय."

"टेबल?"

"टेबल शेवटी. त्याला सर्वोत्तम बिटच लागणार."

एका जातीच्या लाकडावरून निकाल काढणं बरं नव्हे असं वाटून त्यांनी मग हँगर गोल केले. त्यांवर शर्ट टिकेनात. स्टुलाची बैठक गोल केली, तीही चारही बाजूंनी आणि इतकी मनापासून की त्यावर बसलेला माणूस कुठल्या बाजूने घसरेल एवढाच प्रश्न उरला. स्टुलात एक स्क्रू दडलेला होता. निळा बिट त्याच्यावर खणकन आपटला. चाचणी सारखी व्हावी म्हणून नापासरावांनी काळाही त्याच स्क्रूवर आपटून घेतला. (पक्षपात केल्याचा ठपका त्यांना आयुष्यात कोणी ठेवलेला नाही.)

शनिवारी पाटाचा मुठीत मावेल असा तुकडा उरला होता. त्याच्या सगळ्या कडा, सगळे कोपरे गोल झाले होते, आणि पाण्यातल्या गोट्यासारखा तो गुळगुळीत लागत होता. नापासरावांनी त्याच्यावरून शेवटचा एकदा अंगठा फिरवला आणि जाहीर केलं, "काळा! किंचित, पण काळाच!" आनंदाच्या भरात ते तुकडा हातात घेऊनच भुसा धुवायला बाथरूममध्ये गेले आणि हात कोरडे करून मोकळ्या हातांनीच बाहेर आले.

रविवारी सकाळी काळा बिट मशीनमध्ये चढला. बायको दाराशी उभी राहिली. मशीन किंचाळलं, टेबलाच्या कडेला लागलं, आणि धूर निघाला. लाकूड कापलंच जाईना. नुसता एक काळा डाग पडला आणि जळका वास घरभर पसरला. निळा चढवला. त्याने तर नुसतंच थरथरून दाखवलं.

नापासरावांनी दोन्ही बिट भिंगाखाली धरले. आठवडाभराच्या चाचण्यांनी आणि त्या स्क्रूने दोघांची धार खाऊन टाकली होती. सर्वोत्तम बिट कोणता ते सिद्ध झालं होतं, फक्त तो आता बिट राहिला नव्हता.

"दुकान उघडं असेल?" ते क्षीण आवाजात म्हणाले.

"आज रविवार आहे." बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "बाबांची गाडी यायची वेळ झाली. जा, त्यांना घेऊन या."

रिक्षात सासरे खुशीत होते. एक डोळा पट्टीखाली, दुसरा मिचमिचा. "जावईबापू, तुमच्याकडे यायचं म्हटलं की मला बरं वाटतं," ते म्हणाले. "लेकाकडे सगळे माझ्या हाताला धरतात हो. मी काय वर्षाचं पोर आहे?"

नापासरावांना स्वतःची भयंकर लाज वाटली. एवढी मोठी पारख घेऊन फिरतो, आणि या म्हाताऱ्या माणसाला एक गोल कड देता आली नाही. त्यांनी मनाशी ठरवलं, आपण पुढे राहायचं, आणि ऐन वेळी टेबल आणि सासरे यांच्यामध्ये स्वतःची कंबर घालायची.

घरात शिरल्या शिरल्या सासरे म्हणाले, "आधी हातपाय धुतो," आणि भिंत चाचपत निघाले. टेबल जवळ आलं. नापासरावांनी श्वास रोखला, डोळे मिटले आणि कंबर पुढे करून उडी घेतली.

कंबर टेबलाच्या कडेवर आदळली, पण लागलं नाही.

त्यांनी डोळे उघडले. सासरे टेबलाच्या कडेवर तळहात ठेवून, तिच्या आधाराने, सरळ बाथरूमकडे चालले होते. कड गोल होती. जळका डागही निघून गेला होता. चारही बाजू एकसारख्या, सफाईदार.

"कोणी केलं हे?" नापासराव कुजबुजले.

"मी," बायको म्हणाली. "शिवणाचं मशीन चालवते तसंच की. धरायचं आणि न थांबता सरकवत न्यायचं."

"पण कशाने?"

"शोकेसमधल्या पिवळ्याने. तुम्ही पिशवीत घालून, वर खूण करून ठेवला होता ना? मला वाटलं, सगळ्यात चांगला म्हणून जपून ठेवलाय."

नापासरावांनी भिंग काढलं आणि ते टेबलाच्या कडेवर वाकले. एखादी चीर, एखादा उंचवटा, एखादी तरी चूक सापडेल म्हणून त्यांनी चारही कडा पाहिल्या. नाही सापडली. त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. नापासरावांनाही, का कोण जाणे, फार बरं वाटलं.

तेवढ्यात बाथरूममधून हाक आली. "जावईबापू! अहो, हा तुमचा साबण कसला?"

"का हो बाबा?"

"केव्हाचा घासतोय. हाताला मऊसूत लागतो, घडणही छान आहे, पण फेस म्हणून नाही!"

नापासरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाटाचा तो तुकडा! त्यांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण बायकोने त्यांच्या तोंडावर हात ठेवला, कपाटातली नेहमीची साबणाची वडी त्यांच्या हातात कोंबली आणि त्यांना पुढे ढकललं. त्यांनी दार किलकिलं करून वडी आत दिली. आतून पाण्याचा आवाज आला.

"वा! हा बघा, लागला नाही तोच फेस! हा भारीतला दिसतो."

"नाही बाबा. हा स्वस्तातला. नेहमीचाच."

"आणि तो आधीचा? तो महाग पडला असणार."

नापासरावांना निळा आठवला, काळा आठवला, दोन्ही हातांची नखं आठवली. "हो," ते म्हणाले. "बराच."

"तरीच!" सासरे आतून मायेने म्हणाले. "रागावू नका जावईबापू, पण वडीलकीच्या नात्याने सांगतो. वस्तू घेताना माणसाने जरा पारखून घ्यावी."