रुपेरी टिकल्यांची चुगली

त्या शनिवारी मर्टल अख्ख्या सिनसिनाटीला गार करणार होती, निदान एल्मरला तरी. तयारी जय्यत होती: रुपेरी झगा, बाह्या गायब, कंबर घसरून पार मांडीपाशी आलेली, आणि अंगभर टिकल्याच टिकल्या.

"उरलेलं कापड दुकानातच विसरलीस का गं?" ओटिली मावशीने विचारलं.

"फॅशन आहे, मावशी."

"टिकल्या जिलेटिनच्या आहेत. जुलैचा उकाडा, ओले हात लागले की विरघळतील."

"मी काय घाम गाळायला चाललेय? अंगठी घालून घ्यायला चाललेय."

ते खरं होतं. अंगठी एल्मरच्या खिशात होती. त्याची अट एकच: माझ्याशिवाय कुणाबरोबर नाचायचं नाही. मर्टलनेही त्याला तीच अट घातली होती. काय ती निष्ठा, बघणाऱ्याला भरून यावं.

नाचाच्या हॉलमध्ये नुसती भट्टी पेटली होती. एल्मर सरबत आणायला गेला तो गेलाच. तेवढ्यात वखारीचे मालक मिस्टर टॅकेट आले. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट करवतीने कधीच नेलं होतं, पण पाय शाबूत होते. एकच नाच, कोण बघतंय, असं म्हणत मर्टलने दोन केले.

एल्मर परतला. "कुणी विचारलं नाही ना नाचायला?"

"छे रे. खांबासारखी उभी होते."

एवढं बोलून ती पर्स घ्यायला वळली आणि घात झाला. पाठीवरच्या टिकल्या विरघळून तिथे चक्क पंजा उमटला होता. अंगठा आणि तीन बोटं. मधल्या बोटाच्या जागी टिकल्या जशाच्या तशा चमकत होत्या.

"असा हात गावात एकाचाच आहे, मर्टल," एल्मर म्हणाला. "संपलं आपलं."

फॅशन गेली खड्ड्यात, जीव होता मर्टलचा त्याच्यावर. रडवेली होऊन तिने त्याचा हात धरला, तर तो चिकट लागला. तिने उलटा करून पाहिला. तळव्यावर टिकल्या होत्या. निळ्या.

दोघांनी एकदमच कोपऱ्यात पाहिलं. तिथे फर्न नावाची पोरगी उभी होती, निळ्या झग्यात, पाठीवर पाच बोटांचा पंजा मिरवत.

"सरबताला फार गर्दी होती का रे?" मर्टलने विचारलं.

एल्मरने खिशातून अंगठी काढून तिच्या बोटात घातली.

लग्नासाठी मावशीने साधा सुती झगा सुचवला. एल्मर म्हणाला, "नको, टिकल्यांचाच हवा."

"चालेल," मर्टल म्हणाली, "मग तुझा कोटही टिकल्यांचाच शिवू."