मुरलेला निळा

रंगाच्या दुकानात जाऊन जुना रंग मागणारा माणूस मी एकच पाहिलाय, आमचे शेजारी नाना. दुकानदाराने शेडकार्ड उलगडलं की नाना ते न बघताच परत सारतात. "नवे दाखवू नका हो. नवा रंग मेला अंगावर येतो. मुरलेला निळा असेल तर बोला."

"मुरलेला म्हणजे?"

"म्हणजे पावसाळे खाल्लेला."

दुकानदाराने बिचाऱ्याने सुचवून पाहिलं, की आत्ता नवाच न्या, दहा वर्षांत आपोआप मुरेल. नाना म्हणाले, "तोवर मी मुरेन."

नाना एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. आवाज अजून स्टँडवरचाच असल्यामुळे हा संवाद दुकानात झाला काय आणि घरी झाला काय, आमच्या आळीला सगळा ऐकू येतो.

त्यांचं घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं, कौलारू आणि मधोमध वाटणी झालेलं. डावी बाजू नानांची, उजवी धाकट्या भावाची, वसंताची. वाटणीनंतर घर रंगवायचं निघालं तेव्हा नाना पिवळ्यावर अडून बसले आणि वसंता निळ्यावर. शेवटी ज्याने त्याने आपापली भिंत रंगवली. एवढ्यावरून कायमचा अबोला धरावा तर आमच्या रत्नागिरीकरांनीच. वसंता आपली बाजू बंद करून डोंबिवलीला गेला तो गेलाच. गणपती नानांच्या माजघरात बसतो, त्यालासुद्धा येईनासा झाला. त्याचा निळा दर पावसात थोडा थोडा उतरत गेला.

आणि यंदा उन्हाळ्यात नाना स्वतःची पिवळी भिंत निळी करायला निघाले! डबे आणले. त्यात काळा मिसळून बघितला, काव मिसळली, एकदा तर चक्क चहाचं पाणी ओतलं. भिंतीवर निळ्याचे इतके डाग पडले की येणारे-जाणारे थांबून चौकशी करू लागले. उस्मान पेंटर शिडीवर बसून वैतागला होता.

"नाना, लोक मला भिंत नवी करायला बोलावतात. जुनी करायला बोलावणारे तुम्ही पहिलेच."

"तू पूस आणि परत लाव."

म्हातारपणी माणसाला एखादं खूळ लागतं, तसं हे असेल असं मला वाटत होतं. एकदा आमसुलं द्यायला गेले, तर नाना दोन्ही भिंतींच्या सांध्याला नाक लावून उभे. ओला डाग एकीकडे, वसंताचा निळा दुसरीकडे.

"अहो नाना, दोन्ही बाजू एकाच डब्यातून रंगवा की. किती सोपं!"

"अगो, त्याच्या भिंतीला त्याला न विचारता हात लावू?"

"मग विचारा. फोन करा."

नाना सांध्यावरून बोट फिरवत राहिले. "फोनवर काय बोलू? बोलूनच तर बिघडलं सगळं. त्याचा रंग लावतो. घर एक दिसू दे."

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी ह्या माणसाला हसत होते आणि त्याला तर फक्त भाऊ परत हवा होता.

पावसाच्या तोंडावर एकदाचा रंग जमला. उस्मानने शेवटचा हात मारला आणि आम्ही तिघं रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो. सांधा कुठे दिसेना. घर अख्खं एका रंगाचं, जुनं, जसं काही कधी कोणी भांडलंच नव्हतं.

"मी इथे काम केलंय हे कोणाला पटायचं नाय," उस्मान कुरकुरला.

नाना हसले नाहीत.

"आता वसंता आला ना, तर त्याला आपली बाजू कुठली ते कळायचं नाही," ते हळूच म्हणाले.

त्याच घरात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला आपली बाजू कळणार नाही होय? असं माझ्या मनात आलं.

"मग अंगणात उभं राहून 'दादा' अशी हाक मारावीच लागेल त्याला."