पनवेलातील शिळ्या भाकरीचा तुटवडा

राष्ट्राची थोरवी त्याच्या ताज्या अन्नावरून नव्हे, तर शिळ्या अन्नाचं ते काय करतं यावरून ओळखावी. हे वाक्य १९६४ साली पनवेलच्या भिंतींवर गेरूने रंगवलं होतं. त्याच्या खालीच 'येथे घाण करू नये' हे जुनं वाक्य होतं, त्यामुळे दोन्हींचं वजन वाढलं.

त्या साली मदतीचा परदेशी मका तालुक्यात आला. आमचा मुलूख भातखाऊ. मक्याची भाकरी रात्री केली की सकाळी तिने खिळा ठोकता येई. यावर एका खात्याने (नाव सांगत नाही, खातं अजून आहे) खोल विचार करून मेक्सिको देशातला 'चिलाकिलेस' हा पदार्थ निवडला. कृती सोपी होती. आदल्या दिवशीच्या मक्याच्या भाकरीचे तुकडे तळावेत, त्यावर टोमॅटो-मिरचीचं तिखट वाटण ओतावं, ज्याला तिकडे साल्सा म्हणतात, आणि सोबत सॉसेज, म्हणजे मसालेदार खिम्याची लांबट नळी, घालावं. हाच प्रकार सॉसेज वगळून पनवेलात रोज सकाळी घरोघर होत असे, पण त्याला अनुदान नसल्यामुळे तो पदार्थ समजला जात नसे.

प्रात्यक्षिकाचं काम कमळाकर टिपणिसांकडे आलं. हा सज्जन माणूस त्याच खात्यात तीन वर्षं हंगामी साहाय्यक होता. जिल्ह्याचे साहेब खूश झाले तर कायम, नाहीतर नारळ.

आधी सॉसेजचा प्रश्न प्रात्यक्षिकासाठी नेमलेल्या महिला समितीपुढे आला. अध्यक्षा शुलामिथबाई, बेने इस्राएली ज्यू आणि कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका. "डुक्कर मला चालायचं नाही," त्या म्हणाल्या, "आणि आपल्या समितीतल्या मुसलमान तांबोळीबाईंनाही नाही. एवढ्या एका बाबतीत आमचं पहिल्यापासून जमतं." गाय उरलेल्यांना चालेना आणि बोकड अंदाजपत्रकाला चालेना. अखेर सुका बोंबील एकमताने मंजूर झाला. तो लांबट असतो आणि चुलीवर चढताच त्याची वार्ता चार घरं पलीकडे पोचते. सॉसेजकडून याहून अधिक काय अपेक्षा करणार?

राहता राहिली शिळी भाकरी. ती मिळेना.

टिपणीस स्वतः घरोघर फिरले. शंभर घरांपैकी एकशे दोन घरांत शिळं नव्हतं (दोन घरांना चुकून दुबार विचारलं गेलं; उत्तर तेच). आम्हालाही विचारलं, आमच्याकडेही नव्हतं. कोळीवाड्याच्या वाटेवरची सोनाबाई तर भडकलीच. "शिली भाकर? आमच्या घरी? आमी काय भिकारी हाव काय? आमी ताजीच खातो!" ती हे सांगत असताना दाराआड तिची कोंबडी काहीतरी कडक टोचत होती. टणटण आवाज येत होता. टिपणीस सभ्य होते, त्यांनी कोंबडीची चौकशी केली नाही.

शेवटी ते आपल्या घरी आले आणि बायकोला म्हणाले, "वेणू, आपल्याच दे." शेजारीण ओसरीवर बसली होती. वेणूताई शांतपणे म्हणाल्या, "आपल्या घरी कुठलं आलंय शिळं?"

तेव्हा शिळेपणा तातडीने निर्माण करण्याचं ठरलं. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पहाटे ताज्या भाकरी थापून शाळेच्या पत्र्यावर पसरल्या. समितीच्या महिलांनी सुपांनी वारा घातला, कावळ्यांसाठी एक शिपाई नेमला, आणि दहाच्या सुमारास शुलामिथबाईंनी एक भाकरी मोडून पाहून ती शिळी झाल्याचं जाहीर केलं.

साहेब आले. त्यांनी दोन बशा खाल्ल्या, बोंबलाचा काटा रुमालात गुंडाळला आणि डोळे पुसत म्हणाले, "उत्तम! हे घरोघर व्हायला हवं. बरं, भाकरी उरते किती जणींकडे?"

जमलेल्या बायका एकमेकींच्या जोडव्यांकडे बघू लागल्या.

"कोणाकडेच नाही?" साहेब वळले. "टिपणीस, तुमच्याकडे?"

एका 'हो'वर तीन वर्षांची तपश्चर्या फळणार होती. सकाळी फोडणीची भाकरी खाऊनच टिपणीस निघाले होते; मोहरीचा एक दाणा अजून मिशीत होता. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. मग बायकांकडे. मग मागे उभ्या असलेल्या वेणूताईंकडे.

"छे छे साहेब! काहीतरीच काय!"

साहेबांनी शांतपणे निष्कर्ष काढला. इथे शिळं उरत नाही, म्हणून योजनेची गरज नाही, म्हणून साहाय्यकाचीही नाही. महिनाअखेर टिपणिसांना नारळ मिळाला.

आम्हाला खरंच फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी सारी आळी त्यांचं सांत्वन करायला गेली. सगळेच न्याहारी करून आले होते. काय खाल्लं ते कोणी कोणाला विचारलं नाही. आत वेणूताईंनी कढईवर परात पालथी घातली आणि चहा ठेवला.

आपण हसलात ते रास्तच आहे. तो काळ वेगळा होता, ती माणसं वेगळी होती, आणि आपल्या घरी असलं काही नसतंच. आम्ही उद्या सकाळी सहज डोकावणार होतो. मुद्दाम कळवून येत आहोत, म्हणजे आपल्याला झाकण शोधायला वेळ मिळेल.